पाव बाहेरचा, सारण आपलं

आम्ही चांदीपच्या बचत गटातल्या बारा जणी. आज आम्ही पावाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, पावात बोलण्यासारखं काय आहे? पण या पावानं आमच्या गटात भांडण लावलं आणि त्याच पावानं आम्हाला शहाणंही केलं.

शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीकडे जाणारा रस्ता आमच्या भागातून जातो. चैत्रात देवीची यात्रा असते, रस्त्याला माणसं वाढतात. आम्ही गटाच्या बचतीतून तीन हजार रुपये काढले आणि वडापावची गाडी लावली. दहा लाद्या पाव, बटाटे, बेसन, तेल, सगळं विकत आणलं. रस्त्यावर आमच्यासारख्या आणखी चार गाड्या होत्या आणि चारही ठिकाणी तोच वडा. संध्याकाळी चार लाद्या उरल्या. दुसऱ्या दिवशी ते पाव कडक झाले. हिशोबाला बसलो तेव्हा आवाज चढले. एक मैत्रीण तर म्हणाली, "माझी बचत परत द्या, मी गटातून निघते."

तेव्हा आमच्यातल्या वयानं मोठ्या मावशी म्हणाल्या, "पाव आणला बाजारातून, बटाटाही बाजारातून. मग आपलं त्यात काय गं? नुसती मेहनत!"

त्या बोलण्यावर आम्ही विचार करायला लागलो. पाव मुळात आपला नव्हताच. 'पाव' हा शब्दच पोर्तुगीजांचा. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं वसई त्यांच्या ताब्यात होती. चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि त्या नवसापोटी वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं, असं सांगतात. पोर्तुगीज गेले, पाव राहिला. पण ज्या गावानं तो घेतला, त्या गावानं त्यात आपलं काहीतरी भरलं.

गोव्यात पावात चोरीस भरतात, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट सॉसेज. मुंबईत घाईतल्या कामगारांसाठी वडापाव झाला. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला, असं मानतात. कोल्हापूरला वड्याबरोबर लादीपाव नाही, स्लाइस ब्रेड देतात. नाशिकला उलटा वडापाव मिळतो. त्यात सारण भरलेला पावच बेसनात बुडवून तळतात. आणि दाबेली कुठली? मांडवीची! आपल्या शेजारची मांडवी नाही हं, कच्छमधली. बटाट्याचं मसालेदार सारण, त्यावर शेंगदाणे आणि डाळिंबाचे दाणे.

सातासमुद्रापारही हेच आहे. अमेरिकेत पाणबुडीसारख्या लांब पावात सारण भरतात, म्हणून त्याला 'सबमरीन' म्हणतात. पण फिलाडेल्फियात त्याचं नाव होगी, न्यूयॉर्कमध्ये हिरो. न्यू ऑर्लिन्स शहरात १९२९ साली ट्रामच्या कामगारांनी संप केला. मार्टिन नावाचे दोन भाऊ आधी ट्रामवरच कामाला होते, नंतर त्यांनी खानावळ काढली होती. त्यांनी संपकऱ्यांना फुकट भरले पाव खाऊ घातले. त्यावरून तिथल्या पावाला 'पो-बॉय', म्हणजे 'गरीब पोर', हे नाव पडलं, असं सांगतात. त्यात तळलेली कोळंबी आणि कालवं भरतात, कारण समुद्र जवळ. व्हिएतनाममध्ये पाव फ्रेंचांनी नेला. तिथल्या बायाबापड्यांनी त्यात मुळा-गाजराचं लोणचं, कोथिंबीर, मिरची घातली आणि तो आपला केला.

मग आम्ही घरात काय आहे ते पाहिलं. प्रत्येकीकडे वाल होते. सुरण होता, झाडाला कैरी होती, डब्यात सुकट होती. सुकटीवरून पुन्हा वाद झाला. देवीला जाणाऱ्या माणसाला सुकट कशी द्यायची? शेवटी ठरलं, यात्रेच्या रस्त्यावर वाल आणि सुरण. यात्रा संपल्यावर वीटभट्टीच्या वाटेवर सुकट. भांडी दोन्हींची वेगळी.

वालाला मेहनत आहे. आदल्या दिवशी भिजवायचे, मोड आणायचे, मग सोलायचे. सोलायला आम्ही सगळ्या एकत्र बसलो आणि रुसलेली मैत्रीणही येऊन बसली. बिरडं कोरडं ठेवलं, म्हणजे पाव भिजत नाही. उन्हाळ्यात लवकर आंबू नये म्हणून त्यात ओलं खोबरं घातलं नाही. एकदम मोठं पातेलं न करता सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, असं थोडं थोडं केलं. वरून कैरीची चटणी. वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिलं नाही, शाईचा अंश पोटात जातो. पळसाची पानं वापरली.

पहिल्या दिवशी कुणी घेईना. "हे काय आहे?" असं विचारून माणसं पुढे जात. मग आम्ही चमच्यानं चव द्यायला लागलो आणि पाटी लावली, 'डाळिंबी पाव'. नाव मिळालं तसं गिऱ्हाईक थांबायला लागलं. पावही पाचच लाद्या आणायचो, संपले की गाडी बंद. यात्रा संपली तेव्हा तीन हजार बचतीत परत आले, वर थोडे उरले. फार नाहीत. पण वालाचे पैसे आमच्याच मैत्रिणींच्या घरात गेले, हा मोठा फरक.

तुम्हीही गाडी लावणार असाल तर आधी एक हिशोब मांडा. विकायच्या जिन्नसातलं किती बाजारातून येतं आणि किती आपल्या शेतातून, परसातून? अन्न विकायचं तर अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणी लागते, तीही करून घ्या.

आणि हो, ती रुसलेली मैत्रीण आता आमचा हिशोब लिहिते. एक पैसा चुकू देत नाही.

येतो आम्ही. नमस्कार.