गोळी चालू, तरी थकवा का?



थायरॉईडची गोळी रोज घेतो, तरी अंग जड, केस गळतात, पोट साफ होत नाही, अशी तक्रार आम्ही रहाटणीत वारंवार ऐकतो. मग मनानेच डोस वाढविला जातो. त्याने छातीत धडधड सुरू होते, पुढे हाडेही झिजतात.

आधी गोळी अंगी लागते का, ते पाहावे. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा अर्ध्या ते एक तासाने. (चहाविना आपला डोळा उघडत नाही, हे आम्ही जाणतो!) लोह-कॅल्शियमच्या गोळ्या ४ तासांनी. चाकण-भोसरीला रात्रपाळी करणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून रिकाम्या पोटाची एक वेळ ठरवावी.

डोस बदलल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी तपासावे. या औषधाची रक्तातील मात्रा निम्मी व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात. घाईची तपासणी फसवते. टीएसएच ठीक असून थकवा राहिला, तर हिमोग्लोबिन आणि बी-१२ पाहून घ्यावे. प्रत्येक दुखणे थायरॉईडच्या माथी मारू नये.

आणि भगिनींनो, दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना गाठा. त्या काळात डोस बहुधा वाढवावा लागतो, बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. गोळी मात्र बंद करू नका.