पापलेटचा उपवास



उपवासकाळ आला की आमच्या घरी शुक्रवारी मटण बंद व्हायचं आणि आईची धावपळ सुरू व्हायची. वडिलांना मांस वर्ज्य, म्हणून पापलेट हवं. तेही कालवणातलं नको, तव्यावरचं. आणि आधी तळून ठेवलेलं नको, पानावर बसल्यावर गरम. तुकडी जरा करपली की पान सरकवायचे. आई मुकाट्याने दुसरी तुकडी तव्यावर टाकायची. नियम मात्र कुठेच मोडत नव्हता. चर्चची मनाई मांसाला आहे, माशाला नाही!

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या संत ग्रेगरींनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वेळेआधी खाणं, उंची पदार्थ मागणं, चोचले पुरवून घेणं, प्रमाणाबाहेर खाणं आणि हपापून खाणं. पाचांत पोटाच्या मापाचा प्रकार एकच. बाकीच्या चारांत माणूस सडपातळही असू शकतो. बायबलमधल्या एसावाने धाकट्या भावाला थोरलेपणाचा हक्क विकला तो काही मेजवानीसाठी नव्हे, मसुराच्या आमटीसाठी. ग्रेगरींनी हाच दाखला दिला आहे. शिकारीहून दमून आलेल्या माणसाला आत्ताच्या आत्ता काहीतरी हवं होतं, एवढंच. पुढे दोघा भावांत वैर आलं, आणि धाकट्याला घर सोडून पळावं लागलं.

दारूबद्दल मी आज बोलणार नाही. ती दिसते. बायको माहेरी निघून जाते, फादर समजूत घालायला येतात, गावभर होतं. चोचले दिसत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या उपदेशपत्रात अशाच एका न दिसणाऱ्या गोष्टीकडे बोट दाखवलंय: जेवणाच्या वेळी ज्याचा तो मोबाइलमध्ये, आणि जोडीदाराची वाट बघत झोपी गेलेला नवरा किंवा बायको; तो जोडीदार तासन्‌तास यंत्राशी खेळतोय. यात मारहाण नाही, व्यसनमुक्ती केंद्र नाही. पण वाट कोण बघतंय ते पाहा. आमच्या घरी आई बघायची, तव्यापाशी उभी राहून.

राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी मिस्सेत यशयाचा ५८ वा अध्याय वाचतात. उपास करता आणि भांडता, असं देव तिथे सुनावतो. खरा उपास कोणता, हे सांगताना भुकेल्याला भाकर, उघड्याला वस्त्र, आणि शेवटी स्वतःच्या रक्तामांसाच्या माणसाकडे पाठ न फिरवणं, असा क्रम येतो. मी ते वाचन लहानपणापासून ऐकत आलोय.

तरीही गेल्या वर्षी मी उपवासकाळात चहा सोडला. मोठ्या निश्चयाने. पहिल्या दिवशी डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी मुलीला विनाकारण ओरडलो. तिसऱ्या दिवशी पेपर कुठे ठेवला यावरून घर डोक्यावर घेतलं. चौथ्या दिवशी सकाळी बायकोने काही न बोलता चहाचा कप माझ्यासमोर आणून ठेवला, आणि स्वतःचा घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

मी माझा कप उचलला आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.