रूटचा पासवर्ड फळ्यावर



एकदा परीक्षेच्या सुमारास एक मुलगी आपला प्रकल्प पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक-कक्षात आली. यंत्रावर लिनक्स होते. ड्राइव्ह लावताच त्याने मुख्य व्यवस्थापकाचा, म्हणजे 'रूट'चा, पासवर्ड मागितला. सर रजेवर! दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो पासवर्ड चक्क फळ्यावर लिहून ठेवला. सोय झाली, पण सारे यंत्रच मुलांच्या हाती गेले.

यंत्र उगाच अडवीत नव्हते. ड्राइव्ह 'माउंट' करणे म्हणजे त्यातील फायली यंत्राच्या फायलींच्या झाडाला जोडणे. परक्या ड्राइव्हवर रूटच्या मालकीचा, 'सेटयूआयडी' खुणेचा प्रोग्रॅम असला, तर तो चालविणारा क्षणात रूटचे अधिकार मिळवू शकतो. जोडताना 'नोसूइड' हा पर्याय लावला की ती खूण निकामी होते.

'एफएसटॅब' या फायलीतील ओळीत 'युजर' हा शब्द घातला, तर सामान्य वापरकर्ताही ड्राइव्ह जोडू शकतो. 'नोसूइड' आपोआप लागतो. पण प्रत्येक ड्राइव्हसाठी ओळ कोण लिहीत बसणार? त्यासाठी 'यूडिस्क्स' ही सेवा आहे. ती सहसा यंत्रासमोर बसलेल्याला पासवर्डाविना परवानगी देते, आणि 'नोसूइड' तीही लावते.

आम्ही तीच सुरू केली, फळा पुसला, पासवर्ड बदलला. मुलांनो, ड्राइव्ह काढण्यापूर्वी 'अनमाउंट' मात्र करा. लिहावयाचा काही मजकूर तोवर मेमरीतच राहिलेला असतो.