‘आपलं कुठं शंभर किलो निघतंय?’

आज बोलायचंय कचऱ्यावर. थांबा, एपिसोड बदलू नका. इंदापुरात, बारामतीत तुमची चहाची टपरी असेल, मिसळीचं हॉटेल असेल, घरचं मंगल कार्यालय असेल, तर हे थेट तुमच्या कामाचं आहे. आणि नुसते चहा प्यायला येत असाल, तरी ऐका.

कचऱ्याचे नियम म्हटलं की बरेच जण म्हणतात, "ते शंभर किलोवाल्यांना आहेत. आपलं कुठं शंभर किलो निघतंय?" हे अर्धंच खरं आहे.

केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापन नियम काढले. त्यात दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर जादा जबाबदारी टाकली. त्यांनी ओला कचरा शक्यतो स्वतःच्याच जागेत जिरवायचा. पण कचरा वेगळा करून देणं हे सगळ्यांनाच लागू होतं. अगदी हातगाडीवाल्यानेही स्वतःचा डबा ठेवायचा. आता १ एप्रिल २०२६ पासून नवे नियम आलेत. त्यात कचऱ्याचे चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी, आणि बॅटरी, औषधं, रंगाचे डबे असला विशेष काळजीचा. म्हणजे शंभर किलोची अट जादा जबाबदारीसाठी आहे. वेगळं करण्यातून सुटका कुणाचीच नाही.

आता प्रश्न येतो, एवढा आटापिटा कशाला?

बघा, खरकटं, भाजीची देठं, चहाचा चोथा वेगळा राहिला तर त्याचं खत होतं. त्यातच शाम्पूची पुडी, फुटलेला ग्लास, शेवेचं पाकीट पडलं की तो नुसता कचरा. मग तो निवडायचा कुणी? कुणीतरी माणूसच निवडतो, हाताने. आणि निवडूनही काचेचा तुकडा राहिला, तर ते खत शेतकरी आपल्या रानात कशाला टाकेल?

इथेच आपल्यासारख्या गावांचा फायदा आहे. मोठ्या शहराला खत खपवायला लांब न्यावं लागतं. आपल्याकडे गावाबाहेर पडलं की ऊस आणि डाळिंब सुरू. शहरी कचऱ्याच्या खतासाठी राज्य सरकारचा ‘हरित महासिटी कंपोस्ट’ नावाचा ब्रँडही आहे. गिऱ्हाईक दारात आहे, माल तेवढा स्वच्छ पाहिजे.

दुकानात करायचं काय? सोपं आहे. डबा जिथे कचरा पडतो तिथेच ठेवा. भाजी चिरायच्या ओट्याखाली ओल्याचा डबा, गल्ल्याजवळ सुक्याचा. मागच्या दाराला एकच पिंप ठेवलं, की सगळं त्यातच जाणार.

एक फसवी वस्तू म्हणजे कागदी कप. दिसायला कागद, पण आतून प्लास्टिकचा पातळ थर. तो ओल्यात टाकू नका. काचेचे ग्लास विसळून वापरले तर प्रश्नच मिटला.

शेजारी रसवंती असेल तर तिची वाळलेली चिपाडं मागून घ्या. नुसतं खरकटं साचवलं की पाणी सुटतं, वास मारतो, माश्या येतात. त्यात चिपाडं किंवा पालापाचोळा मिसळला की ओल शोषली जाते, हवा खेळते आणि खत नीट कुजतं.

मंगल कार्यालयवाल्यांनो, १०० पेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामाचे दिवस आधी नगरपरिषदेला कळवायचं, हे २०१६ च्या नियमांतच आलं. आपल्याकडची लग्नं बघता शंभर म्हणजे नुसते घरचेच झाले!

पिशव्यांचंही लक्षात ठेवा. २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत पहिला दंड ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. टपरीची महिन्याची कमाई यात जाऊ शकते.

"पण घंटागाडीत सगळं एकत्रच टाकतात की!" असं तुम्ही म्हणाल. राग बरोबर आहे. तुमच्या दारात तसं झालं तर हातात मोबाईल आहे, फोटो काढा, ‘स्वच्छता’ ॲपवर तक्रार टाका. पण ती तक्रार करायला आपला कचरा आधी वेगळा असावा लागतो. एकत्र पिंप देणाऱ्याने बोलायचं कोणत्या तोंडाने?

आणि हे छोट्या गावाला जमत नाही असंही नाही. आपल्याच जिल्ह्यातलं सासवड २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिलं आलं. पुरंदरला जमलं, ते इंदापूरला का जमू नये?

तर उद्या दुकान उघडताना फक्त एक डबा वाढवा. आणि ज्या टपरीवर तुम्ही रोज बसता, तिथल्या दादांना हा एपिसोड ऐकवा. भेटू पुढच्या भागात!