निर्यातीचा चमत्कार आणि त्याची किंमत



दक्षिण कोरियाची भरभराट हा खुल्या बाजारपेठेचा विजय, असे आपणांस सांगितले जाते. इतिहास निराळा आहे. १९६१ साली सत्ता बळकावल्यावर पार्क चुंग-ही यांनी व्यापारी बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या आणि स्वस्त कर्जाची सांगड निर्यातीशी घातली. याच पतपुरवठ्यावर ह्युंदाई, देवू यांसारखे घराणेशाही उद्योगसमूह, म्हणजे ‘चेबोल’, फोफावले. १९६४ मध्ये दहा कोटी डॉलरची निर्यात १९७७ मध्ये हजार कोटींवर गेली.

भांडवलाला राज्यसंस्था शिस्त लावू शकते, हा धडा आपण जरूर घ्यावा. परंतु किंमत कोणी मोजली? कामगार कायदा निदान पाळा, एवढ्याच मागणीसाठी १३ नोव्हेंबर १९७० रोजी सोलच्या कापडबाजारात जॉन ते-इल या बावीस वर्षांच्या शिवणकामगाराने स्वतःला पेटवून घेतले. पुढे १९७२ मध्ये कर्जात बुडालेल्या कंपन्यांची खाजगी सावकारांकडील देणी सरकारने मात्र एका हुकमासरशी गोठवली.

बँका राज्याच्या हाती होत्या. राज्य जनतेच्या हाती नव्हते. ते खेचून घेण्यासाठी १९८७ साली कोरियन जनतेला रस्त्यावर आणि कामगारांना संपावर उतरावे लागले. राष्ट्रीयीकरण आणि समाजवाद यांतील अंतर ते हेच.