मुस्लिम स्त्री : चित्रातली आणि मोर्चातली

(खरवई, बदलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आजच्या अभ्यासवर्गासाठी जो विषय मला देण्यात आला आहे, त्यावर बोलण्यास सारेच उत्सुक असतात. ऐकून घेण्यास फारसे कोणी तयार नसते. मुस्लिम स्त्रीची दुःस्थिती हा वृत्तपत्रांचा, चित्रपटांचा आणि दूरचित्रवाणीवरील वादांचा हुकमी विषय होऊन बसला आहे. मौलवी तिच्या वतीने बोलतात, हिंदुत्ववादी पुढारी तिच्या वतीने बोलतात, सरकारही तिच्याच नावाने कायदे करते. ती स्वतः काय म्हणते, याची नोंद मात्र क्वचितच होते. माझ्या विवेचनाचा रोख या एकाच गोष्टीवर राहील.

हिंदी चित्रपटाने तिला प्रथम नवाबी वातावरणात बसविले. ‘चौदहवी का चाँद’ (१९६०) आणि ‘मेरे मेहबूब’ (१९६३) यांतील नायिका शेरोशायरीत आणि नकाबात वावरते. ‘पाकीजा’ (१९७२) आणि ‘उमराव जान’ (१९८१) यांत ती कोठ्यावर दिसते. ‘निकाह’ने (१९८२) तिच्या तलाकाचे दुःख पडद्यावर आणले. ‘गर्म हवा’सारखे सन्माननीय अपवाद आहेत, पण ते अपवादच. भिवंडीत यंत्रमागाच्या कांड्या भरणारी, मुंब्र्याच्या चाळीत नगावर मजुरी घेऊन शिवणकाम करणारी, चिपळूण-दापोलीकडे घरात कोकणी बोलणारी बाई या चित्रांत कोठे आहे? वृत्तपत्रांचीही तीच तऱ्हा. बातमी मतदानाची असो, साक्षरतेची असो वा दंगलीची, सोबत छायाचित्र येते ते बुरख्यातील पाठमोऱ्या बायांचे. जिचा चेहराच दाखवायचा नाही, तिला मत असेल असे वाचकाला तरी कसे वाटावे?

वस्तुतः मत मांडणाऱ्या मुस्लिम स्त्रिया आपल्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांनी विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करा, सर्व नागरिकांना समान कायदा द्या, ही त्यांची मागणी होती. हमीद दलवाईंनी हा मोर्चा संघटित केला होता आणि मेहरुन्निसा दलवाई त्यात चालल्या होत्या. सात हा आकडा लहान खरा. परंतु त्या सातजणींनी जे मागितले, त्यातील पहिली मागणी मान्य होण्यास या देशाला एक्कावन्न वर्षे लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचे मोल कळते. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले आणि तलाकपीडित स्त्रियांची कैफियत पुढली कित्येक दशके सय्यदभाईंसारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव मांडली.

‘निकाह’ ज्या सुमारास देशभर गर्दी खेचत होता, त्याच सुमारास जळगावात मुस्लिम पंचायतीने स्त्रियांना चित्रपट पाहण्यास बंदी केली होती. म्हणजे जिचे दुःख पडद्यावर दाखवून तिकिटे खपत होती, तिलाच चित्रपटगृहात मज्जाव! या बंदीविरुद्ध रझिया पटेल आणि त्यांच्या सहकारी उभ्या राहिल्या. धमक्या आल्या, बदनामी झाली, तरी त्या हटल्या नाहीत. आपल्या किती कार्यकर्त्यांना हा लढा ठाऊक आहे?

यानंतर शहाबानो प्रकरण आले. इंदूरच्या शहाबानो बेगम यांना त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर, १९७५ साली, पतीने घराबाहेर काढले आणि १९७८ साली तलाक दिला. दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये पोटगी ठरविली. उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यावर जो गदारोळ उठला त्यात धर्म, शरीयत आणि राष्ट्र यांची चर्चा मुबलक झाली. १७९ रुपयांत एका वृद्धेने जगावे कसे, हे विचारणारे आवाज क्षीण होते. दडपण असे आले की अखेर त्या बाईंनीच हा निकाल आपल्याला नको असल्याचे जाहीर केले. १९८६ साली केंद्र सरकारने कायदा करून सनातन्यांपुढे मान तुकवली. त्याच वर्षीच्या १ फेब्रुवारीला अयोध्येत बाबरी मशिदीचे कुलूप उघडले गेले. दोन्ही जमातवाद्यांना एकेक नजराणा मिळाला. बाईच्या पदरात काय पडले? २००१ च्या दॅनियल लतीफी निकालाने त्या कायद्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूने लावला, आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगीचा सर्वसाधारण कायदाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केले. एका पोटगीसाठी एकोणचाळीस वर्षांची ही वणवण!

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरविला. त्याचे स्वागत आपण निःसंकोचपणे केले पाहिजे, कारण ते याचिका करणाऱ्या स्त्रियांचे यश आहे. परंतु २०१९ च्या कायद्याने असा तलाक उच्चारणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरविला. त्यात निर्वाह भत्त्याची तरतूद आहे. पण तुरुंगात बसलेला मजूर तो देणार कोठून? शिवाय अन्य धर्मांतील नवऱ्याने बायको टाकली, तर केवळ तेवढ्यासाठी त्याला तुरुंग नाही. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हाच हे उघड झाले होते की नवऱ्याने टाकलेल्या बाईचे दुःख कोणत्याही एका धर्माचे नाही. तिला घर हवे, शिधापत्रिका हवी, हाताला काम हवे.

ज्यांना मुस्लिम भगिनींचा एवढा कळवळा, त्यांची कसोटी एका घटनेने लागली. २००२ च्या गुजरातमधील हत्याकांडात बिल्किस बानो यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला, त्यांची लहान मुलगी मारली गेली. खटला महाराष्ट्रात आणावा लागला आणि २००८ साली मुंबईच्या न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी त्या अकरांना मुदतीपूर्वी सोडण्यात आले, बाहेर त्यांचा सत्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली. मधल्या काळात कळवळेवाल्यांचा आवाज कोठे होता? २०२१ व २०२२ साली बोलक्या, लिहित्या मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे चोरून संगणकावर त्यांचा ‘लिलाव’ मांडण्यात आला, तेव्हाही हेच झाले. मुकी, पीडित मुस्लिम स्त्री सर्वांना हवी असते. ती तोंड उघडताच नकोशी होते.

आता पोटापाण्याची बाजू पाहू. मुसलमान मुली शाळेत पाठवीत नाहीत, हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. २००१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ७६.९ टक्के होती आणि राज्यातील मुस्लिमांची ७८.१ टक्के. अडचण पुढे आहे. सच्चर समितीने २००६ साली दाखविले की वरच्या इयत्तांत गळती वाढते आणि नोकरीत हा समाज विरळ होत जातो. त्याच जनगणनेत देशातील स्त्रियांचे कामातील प्रमाण २५.६ टक्के, तर मुस्लिम स्त्रियांचे अवघे १४.१ टक्के होते. घरबसल्या केलेली नगावरची मजुरी पुष्कळदा मोजलीच जात नाही. २०१४ साली राज्याने मुस्लिमांतील मागास गटांना ५ टक्के आरक्षण देणारा वटहुकूम काढला. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरते ते चालू ठेवण्यास मुभा दिली होती. तरीही नव्या सरकारने तो वटहुकूम विरू दिला. बुरख्यावर तासन् तास चालणाऱ्या चर्चेतील पाच मिनिटे तरी या विषयाला मिळाली काय?

आपल्या या लोकल मार्गावरच मुंब्रा आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील हजारो मुस्लिम कुटुंबे जीव मुठीत धरून तेथे आली. त्या मुंब्र्यात ‘परचम’ या गटाच्या मुली २०१२ पासून फुटबॉल खेळत आहेत. त्यांनी मैदानावर मुलींसाठी राखीव वेळ मागितली, घरच्यांची समजूत घातली, काही बुरख्यात आल्या, काही तशाच आल्या, आणि खेळल्या. कोणी बुरखा घालावा वा काढावा याचा हुकूम त्यांनी ना मौलवीकडून घेतला, ना सुधारकाकडून.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच की अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात आपण काम करतो, तेथील मुस्लिम वस्तीत मतांच्या हंगामापुरते जाऊ नका. टाकलेल्या बाईची शिधापत्रिका तिच्या नावावर होते काय, दहावीनंतर मुलीची शाळा का सुटते, नावे ऐकून घर भाड्याने नाकारले जाते काय, नगाला मजुरी किती मिळते, हे विचारा आणि लिहून घ्या. मौलवी रागावतील म्हणून तलाकाच्या प्रश्नावर गप्प बसू नका. जमातवाद्यांना फावेल म्हणूनही गप्प बसू नका. आणि पुढल्या अभ्यासवर्गात या विषयावर व्याख्यान ठेवाल, तेव्हा माझ्याऐवजी त्या वस्तीतल्याच एखाद्या भगिनीला बोलवा. आपण समोर बसून ऐकू.