डीपी का जळते?

आज माझ्या मामाबद्दल बोलायचंय. मामा मंचरजवळचा. इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून पुण्याकडच्या एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात लागला आणि प्लांट इंजिनीअर म्हणून रिटायर झाला.

लहानपणी मला वाटायचं, मामा ट्रान्सफॉर्मर बनवतो. तसं नाही. वाइंडिंगवाले वेगळे, टेस्टिंगवाले वेगळे. प्लांट इंजिनीअर म्हणजे कारखाना चालू ठेवणारा. क्रेन, कॉम्प्रेसर, जनरेटर, तेल फिल्टर करायचं मशीन, आणि जिवाला सगळ्यात जास्त घोर लावणारी भट्टी. कॉइलमध्ये कागदाचं इन्सुलेशन असतं आणि कागद हवेतली ओल ओढतो. म्हणून टाकीत बसवण्याआधी कॉइल भट्टीत तासन् तास वाळवायच्या, मगच तेल. थोडी ओल राहिली तर टेस्टिंगला पासही होईल, पण आयुष्य कमी होतं. एका मार्चएंडला, डिस्पॅचची घाई असताना, रात्री भट्टीचे अर्धे हीटर बंद पडले. "जाऊ दे, बाहेरून काय दिसतंय?" असं वरून सांगण्यात आलं. मामाने लॉट सोडला नाही. त्या वर्षी त्याचं प्रमोशन हुकलं. हे मला मामीने सांगितलं, तो कधी बोलला नाही.

एवढं करून गावातली डीपी जळायचीच! लोक मामालाच विचारायचे, "तुमचा माल असलाच का रे?"

मग त्याने एकदा मला वहीवर हिशोब दाखवला. डीपी 100 केव्हीएची. 5 एचपीची मोटार चालताना साधारण साडेपाच केव्हीए घेते, म्हणजे 18 मोटारी झाल्या. सुरू होताना तीच मोटार पाच-सहा पट करंट ओढते. एकेक सुरू झाली तर निभतं. पण शेतीची लाईट रात्री, आणि आपल्या जुन्नर-आंबेगावात ऊस म्हणजे बिबट्या. माणिकडोहला बिबट्या निवारण केंद्र उगाच नाही. रात्री दोनला मोटार टाकायला उसातून कोण जाणार? म्हणून प्रत्येक स्टार्टरला ऑटो. लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज पडतं, मोटारी वेग घेत नाहीत, करंट ओढत राहतात. फ्यूज जातो. मग कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार टाकतो. पुढे काय होतं ते तुम्हाला माहितीये.

मला हसू आलं, कारण त्याच आठवड्यात ऑफिसात आमचा सर्व्हर असाच गेला होता. बंद पडून परत आला, आणि सगळे मोबाइल एकदम चिकटल्यामुळे पुन्हा झोपला. आम्ही प्रत्येक मोबाइलला थोडं वेगवेगळं थांबायला लावलं. मामाला सांगितलं तर म्हणतो, "मग? ऑटोलाबी टायमर असतो की."

महावितरण म्हणतं ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा. कॅपॅसिटर मामा लोकांना घ्यायलाच लावतो. ऑटो काढा म्हणायची मात्र त्याची हिंमत होत नाही, कारण अंधारात जायचं कुणी? म्हणून आता टेस्टर खिशात घालून तो बांधाबांधाने फिरतो. ह्याला दहा सेकंद, त्याला वीस. कुणालाच शेवटचा नंबर नको असतो. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, पण आमच्या शिवारात अजून रात्रपाळी आहेच. तोवर शेवटचा नंबर मामाने आपल्याच मोटारीला लावलाय, आणि मामी त्यावरून रोज बोलते.